'एक नंबर गाडी' म्हणजे नक्की कितवा नंबर?

घरात गाडी घ्यायची ठरली की बजेट मोठी माणसं ठरवतात, रंगावरून दोन दिवस वाद होतो आणि 'जरा मोबाईलवर बघ ना, कुठली चांगली आहे ते' हे काम मात्र आपल्याकडे येतं. कॉलेजात जाणारं पोर म्हणजे घरातलं संशोधन खातं! तुमच्याकडेही हे काम आलं असेल, नसेल तर येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस इथून थेट १८ टक्क्यांवर आला आणि गाडीचा विषय बऱ्याच घरांत नव्याने निघाला. नवी परवडत नाही तिथे जुन्या गाडीचा.

माझ्याकडे हे काम श्रीवर्धनच्या मामाकडून आलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याची सुपारीची वाडी आडवी झाली. पोफळ लावली की पुढची काही वर्षं नुसतं पाणी घालत बसायचं असतं. म्हणून त्याने घराला लागून दोन खोल्या काढल्या आणि पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. त्यातून साठवलेले आणि पतपेढीचं थोडं कर्ज असे मिळून आता त्याच्याकडे साडेचार लाख आहेत. त्यात त्याला सहा-सात वर्षांची जुनी पेट्रोल हॅचबॅक हवी आहे. कारण साधं आहे. आजीला महिन्यातून दोनदा माणगावला डॉक्टरांकडे न्यायचं असतं, आणि परतताना घोणसे घाटात रात्री गाडी बंद पडली तर शेजारी सत्तरी पार केलेली बाई घेऊन तुम्ही काय करणार?

"लूक नको, सनरूफ नको," मामा म्हणाला. "बंद पडायला नको, बास. तू पेपरात आहेस ना? बघून सांग."

बघितलं. एका संध्याकाळात मला 'सर्वांत विश्वासार्ह' अशा पाच वेगवेगळ्या गाड्या सापडल्या. कुठे तारे, कुठे दहापैकी गुण, कुठे 'ग्राहकांनी निवडलेली नंबर वन'. मग गाडी बाजूला राहिली आणि मी दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागले: हे नंबर येतात कुठून?

ब्लूटूथ आणि गिअरबॉक्स, दोघांना एकच मार्क

या धंद्यातलं सगळ्यांत मोठं नाव जे. डी. पॉवर. १९६८ साली अमेरिकेत सुरू झालेली कंपनी. गाडीमालकांना प्रश्नावली पाठवायची, उत्तरं मोजायची आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या तो आकडा जाहीर करायचा. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. अमेरिकेतल्या त्यांच्या २०२४ च्या टिकाऊपणाच्या अभ्यासात, म्हणजे तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या अभ्यासात, लेक्सस पहिली आली. शंभर गाड्यांमागे १३५ तक्रारी. सगळ्यांची सरासरी १९० आणि तळाला क्रायस्लर, ३१०.

दचकलात? पहिल्या नंबरच्या गाडीलाही दर गाडीमागे एकापेक्षा जास्त तक्रार! म्हणून आता विचारायचं ते असं की, तक्रार म्हणजे काय? त्याच अभ्यासात सगळ्यांत जास्त तक्रारी इंजिनाच्या नव्हत्या, ब्रेकच्याही नव्हत्या. त्या होत्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या. शंभर गाड्यांमागे ४९.१. त्या खालोखाल गाडीच्या बाहेरच्या भागाच्या, २६.७. फोन जोडला जात नाही, आवाजी आज्ञा कळत नाहीत, अशा गोष्टी. फोन जोडला गेला नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एक तक्रार. बेरीज करताना दोघी मांडीला मांडी लावून बसतात. मामाच्या गाडीत स्क्रीनच नसेल, तर त्या आकड्यातला मोठा भाग त्याच्यासाठी गैरलागू झाला की.

गंमत म्हणजे 'चुकीची' तक्रारही मोजली जाते. या कंपनीचा दुसरा अभ्यास असतो नव्या गाड्यांचा. गाडी घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय अडचण आली ते विचारतात. २००६ मध्ये त्याची प्रश्नावली बदलली आणि मोडणं-बिघडणं यासोबत 'वापरायला अवघड वाटलं' हेही त्यात आलं. त्यामुळे बटण नीट चालतंय पण मालकाला ते सापडत नाही, तरी गाडीच्या खात्यात एक वजा. ग्राहकाला त्रास झाला तो झालाच, हे म्हणणं मला पटतंसुद्धा. पण 'बंद पडणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

अमेरिकेतच दुसरी संस्था आहे, कन्झ्युमर रिपोर्ट्स. ती जाहिराती घेत नाही, तपासायच्या गाड्या स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घेते आणि वर्गणीदारांकडून दरवर्षी माहिती मागवते. २०२३ च्या त्यांच्या सर्वेक्षणात तीन लाखांहून जास्त गाड्यांची माहिती होती. ते मालकांना गेल्या बारा महिन्यांतले गंभीर बिघाड विचारतात आणि इंजिन, गिअरबॉक्स अशा दुखण्यांना जास्त वजन देतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पण वर्गणीदार म्हणजे आधीच चौकशी करून वस्तू घेणारी, गाडीची निगा राखणारी माणसं. शिवाय आपल्या रस्त्यावरच्या अर्ध्याअधिक गाड्या त्यांच्या देशात विकल्याच जात नाहीत. एर्टिगा त्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही.

"गाडी कशी आहे?" "एक नंबर!"

हा प्रयोग तुम्ही करून बघा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणालाही विचारा, बाईक कशी आहे. शंभरातले नव्वद जण म्हणतील, एक नंबर. मग विचारा, गेल्या वर्षात किती वेळा गॅरेजला टाकली? आता चेहरा बघा. पैसे घालून, घरच्यांशी भांडून आणलेल्या वस्तूला वाईट म्हणणं म्हणजे आपल्याच निवडीला वाईट म्हणणं. ते कोण करेल?

याचं मोठं उदाहरण टेस्लाचं. ऑगस्ट २०१५ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने टेस्लाच्या मॉडेल एसला चाचणीत शंभरपैकी १०३ गुण दिले. हो, शंभरपैकी! मोजपट्टीच कमी पडली म्हणाले. ऑक्टोबरमध्ये त्याच संस्थेने सुमारे १,४०० मालकांच्या उत्तरांवरून सांगितलं की गाडीचा टिकाऊपणा सरासरीपेक्षा वाईट राहील, आणि आपली शिफारस मागे घेतली. कंपनीचा शेअर त्या दिवशी पडला. मात्र त्याच मालकांना विचारलं होतं, पुन्हा हीच गाडी घ्याल का? ९७ टक्के म्हणाले, घेऊ. गाडी आवडणं आणि गाडी न बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकच माणूस एकाच कागदावर दोन्हींची वेगळी उत्तरं देतो. आपण मात्र 'ग्राहक समाधान' वाचतो आणि 'बंद पडत नाही' असं समजतो.

आपल्याकडे हा घोटाळा जास्त होतो. जे. डी. पॉवरने भारतातही वर्षानुवर्षं असे अभ्यास केले. त्यातल्या सर्व्हिसबद्दलच्या समाधानाच्या अभ्यासात मारुती २००० पासून सलग पंधराहून जास्त वर्षं पहिली आली. मोठी गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. फक्त तो अभ्यास वर्कशॉपने तुम्हाला कसं वागवलं याचा होता, गाडी किती टिकली याचा नाही. माणगावपासून जवळ सर्व्हिस सेंटर असणं मामासाठी महत्त्वाचं आहेच. पण तो वेगळा मुद्दा आहे आणि वेगळा म्हणूनच मोजायला हवा. आणखी एक. असे अभ्यास करणाऱ्या कंपन्यांचं उत्पन्न येतं ते सविस्तर अहवाल गाडी कंपन्यांनाच विकून आणि 'आम्ही पहिले आलो' हे जाहिरातीत छापण्याचं शुल्क घेऊन. म्हणून आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण किती वेगवेगळ्या गटांत किती 'पहिले' असतात हे बघितलं की दहावीच्या निकालानंतर क्लासवाले लावतात त्या बॅनरची आठवण येतेच.

नावाचा परिणामही असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात १९८४ पासून टोयोटा आणि जनरल मोटर्स मिळून गाड्या बनवायच्या. एकाच छताखाली टोयोटा कोरोला आणि शेव्हर्लेची प्रिझम, आतून जवळपास तीच गाडी. तरी जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव यायचा. आपल्याकडे २०१९ पासून बलेनो आणि ग्लान्झा बघा. जुलै २०२० मध्ये मारुतीने इंधनपंपाच्या संशयावरून वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, तेव्हा त्याच पंपासाठी ग्लान्झाही परत बोलावल्या गेल्या. समोरचा बिल्ला वेगळा असला तरी पंपाला त्याचं काय? सर्वेक्षणात उत्तर देणारा माणूस मात्र बिल्ला बघून उत्तर देऊ शकतो. ज्या कंपनीकडून अपेक्षा जास्त, तिच्या गाडीचा एक खडखडाट चालून जातो. ज्या कंपनीबद्दल आधीच शंका, तिचा तोच खडखडाट कागदावर उतरतो.

पेट्रोल तेच, उत्तरं वेगळी

आता २०२५ चीच गोष्ट. मामाने दुसरा प्रश्न टाकला होता: "ते नवं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का रे बाबा?" (मी मुलगी आहे, पण मामाचं 'रे बाबा' सगळ्यांना असतं.) नवं पेट्रोल म्हणजे ई-२०, वीस टक्के इथेनॉल घातलेलं. २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं म्हणून सरकार खूश आणि मायलेज पडलं म्हणून गाडीवाले नाराज. ४ ऑगस्टला पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की ई-२० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत मायलेज १ ते २ टक्के घटतं, बाकीच्यांत ३ ते ६ टक्के. त्याच महिन्यात लोकलसर्कल्स या मंचाने गाडीमालकांना विचारलं. २०२२ किंवा आधीच्या पेट्रोल गाड्या असलेल्या तीनातल्या दोघांनी सांगितलं, मायलेज घटलं. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने याबाबतची जनहित याचिका फेटाळली. ऑक्टोबरमध्ये लोकलसर्कल्सने पुन्हा विचारलं, तेव्हा दहातले आठ म्हणाले, घटलं.

थांबा जरा. ऑगस्ट आणि ऑक्टोबर यांत पंपावरचं पेट्रोल काही वेगळं नव्हतं. मग दोन महिन्यांत सहासष्टचे ऐंशी टक्के कसे झाले? एक शक्यता, लोकांनी नवं पेट्रोल जास्त दिवस वापरल्यावर फरक लक्षात आला. दुसरी शक्यता, दोन महिने टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर हेच चाललं होतं, त्यामुळे प्रत्येक जण मीटरकडे संशयाने बघायला लागला. तिसरी, ज्यांना त्रास झाला तेच उत्तर द्यायला जास्त उत्साहाने आले. अशा मंचावर उत्तर देणारे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात, ते स्वतःहून येतात. मेसच्या जेवणाबद्दल अभिप्राय वहीत कोण लिहितं, आठवा. ज्याला केस सापडला तो.

म्हणून सरकारचा आकडा खरा आणि लोकांचा खोटा? तसंही नाही. हिशेब आपणच करू. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. दहा टक्के इथेनॉलवरून वीस टक्क्यांवर गेलो, म्हणजे जास्तीचे दहा टक्के, त्यांच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट. वीसचं मायलेज असेल तर ते एकोणीस पूर्णांक काहीतरी होणार. इतका फरक टाकी ते टाकी हिशेब ठेवल्याशिवाय कळणं कठीण. पावसाळ्यात एसी सतत चालू आणि मुंबई-गोवा महामार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरची रांग, एवढ्यात त्याच्या दुप्पट मायलेज जातं. तेव्हा 'घटलं का?' याला 'हो' म्हणणारे ऐंशी टक्के लोक बरोबर असू शकतात, आणि 'किती घटलं, कशामुळे घटलं?' यावर तेच लोक चुकू शकतात. सर्वेक्षणाने पहिलं विचारलं, बातमीने दुसरं छापलं.

आणि मामाला घोर आहे तो मायलेजचा नाहीच. त्याच मंत्रालयाच्या निवेदनात एक वाक्य होतं, ज्याची बातमी कमी झाली: काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं सामान ई-२० गृहीत धरून केलेलं नाही, आणि मामा घेणार ती गाडी त्याच्याही आधीची. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस अंगणात उभी असलेली गाडी, हवा श्रीवर्धनची. दिल्लीतल्या गाडीमालकाच्या उत्तरात ही ओल कुठून येणार?

खारा वारा प्रश्नावलीत नसतो

इथे मला सगळ्यांत मोठी अडचण दिसते, आणि ती फसवणुकीची नाही, साध्या मापाची आहे. जे. डी. पॉवरचा भारतातला टिकाऊपणाचा अभ्यास गाडी घेऊन ३० ते ४२ महिने झालेल्या मालकांना विचारायचा, आणि तेही पहिल्या मालकांना. म्हणजे अडीच ते साडेतीन वर्षं. निवडक शहरं. नवी घेतलेली गाडी. आता आपल्या किनाऱ्यावर बघा. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत गाडी येते ती मुंबई-पुण्याच्या पहिल्या मालकाने वापरून झाल्यावर. सर्वेक्षणाची खिडकी बंद होते तिथे आपल्या गाडीचं आयुष्य सुरू होतं. शहरातल्या मालकाला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं उत्तर आपण त्याच्या तारांकनात शोधतोय.

आणि खारा वारा तीन वर्षांत बोलत नाही. तो आधी नट-बोल्ट धरतो, मग सायलेन्सर, मग दाराच्या खालची शिवण, चाकाच्या आतली कड. वरून पॉलिश मारलं की गाडी आरशासारखी. खाली चेसिसला हात लावला तर पोपडे. त्यात आपले पाहुणे नागाव, काशीदच्या वाळूत गाडी घालतात, रुतली की ट्रॅक्टरने ओढून काढतात आणि गोड्या पाण्याने न धुता घरी जातात. पुढे कधीतरी तीच गाडी 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' म्हणून विकायला निघत असेल. रेटिंग मॉडेलचं असतं हो, विकत घेतो ती एक गाडी. महाडच्या जुलै २०२१ च्या पुरात गाड्या छपरापर्यंत बुडालेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. एकदा बुडालेल्या गाडीचं तिच्या मॉडेलच्या पाच ताऱ्यांशी काय नातं उरतं?

ताऱ्यांवरून आणखी एक खुलासा, कारण मामाचाही इथेच गोंधळ झाला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे तारे सुरू झाले. ते धडक चाचणीचे. गाडी आपटली तर आतला माणूस किती वाचेल याचे. गाडी सुरू होईल का, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. तरी त्या ताऱ्यांवर माझा विश्वास जास्त, कारण ते कोणाच्या आठवणीवर ठरत नाहीत. गाडी आपटतात आणि मोजतात.

टिकाऊपणाचंही असं मोजता येतं का? येतं. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीने तपासावी लागते. त्या तपासण्यांत कुठल्या मॉडेलमध्ये किती गंभीर दोष निघाले, हे टीयूव्ही दरवर्षी वयानुसार छापते. मालकाला आवडो न आवडो, ब्रेकची नळी गंजली तर गंजली. तिथल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेकडे तर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचीच आकडेवारी असते, कारण मदतीला जाणारी गाडी तिची. 'घोणसे घाटात बंद पडेल का?' याला सगळ्यांत जवळचं उत्तर ते.

आपल्याकडे खाजगी गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत तिला कोणी खालून बघत नाही. पण पिवळ्या पाटीच्या गाड्यांना फिटनेस लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. म्हणजे पेणच्या आरटीओत, एमएच-०६ मध्ये, आपल्याच रस्त्यांवर आणि आपल्याच हवेत पळालेल्या टॅक्स्यांची तपासणी होतच असते. कुठलं मॉडेल पहिल्या फेरीत किती वेळा नापास झालं आणि कशासाठी, एवढी साधी यादी कोणी लावली, तर ती श्रीवर्धनच्या माणसाला कुठल्याही देशव्यापी तारांकनापेक्षा जास्त उपयोगी पडेल. अशी यादी मी तरी लागलेली पाहिली नाही. गाड्या परत बोलावण्याचे नियम एप्रिल २०२१ पासून आहेत, मालकांच्या तक्रारी नोंदवून त्यावरून चौकशी व्हायची तरतूद त्यात आहे. पण तक्रार नोंदवायला ती सोय आहे हे माहीत हवं. तुमच्या घरात कोणाला माहीत आहे, विचारून बघा.

मग सर्वेक्षणं फेकून द्यायची का? मी नाही फेकली. १३५ आणि ३१० यातला फरक खरा असतो, तो योगायोगाने येत नाही. पण पहिली, दुसरी, तिसरी यांच्यातल्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही. समजा एका मॉडेलच्या शंभर मालकांना विचारलं आणि वीस जणांनी मोठा बिघाड सांगितला, तर खरा आकडा बारा ते अठ्ठावीस यांमध्ये कुठेही असू शकतो. चारशे जणांना विचारलं तर सोळा ते चोवीस. म्हणून किती जणांना विचारलं हे जिथे छापलेलंच नाही, ती यादी मी सरळ बाजूला ठेवली. पाचातल्या तीन गेल्या. उरलेल्या दोन्हींत जी मॉडेल तळाला होती ती मामाच्या कागदावर खोडली. एवढंच काम त्या याद्यांकडून घेतलं.

बाकीचं काम केलं माणगाव स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांनी. त्यांनाही 'कुठली चांगली?' विचारलं तर प्रत्येक जण स्वतःचीच सांगतो. म्हणून प्रश्न बदलला: गेल्या वर्षभरात काय काय बदललंत आणि किती पैसे गेले? दोघांनी चक्क डायरी काढली. तारीख, किलोमीटर, लिंक रॉड, ब्रेक पॅड, शॉकअपचे बुश, रुपये. एकाने पानं उलटता उलटता स्वतःच म्हटलं, "च्यायला, एवढा खर्च झाला?" थोड्या वेळापूर्वी त्यानेच गाडीला काही खर्च नाही म्हणून सांगितलं होतं.

मागच्या रविवारी मामासोबत एक गाडी बघायला गेले होते. मॉडेलचं नाव सांगत नाही. दोन्ही याद्यांत वरच्या भागातलं होतं. रंग चकचकीत, आत सुगंध मारलेला, किलोमीटर कमी. मामाने तर मनातल्या मनात आजीला मागच्या सीटवर बसवूनसुद्धा टाकलं होतं. ओळखीच्या मेकॅनिकने ती रॅम्पवर चढवायला लावली. मालक थोडा कुरकुरला. मेकॅनिक खाली गेला आणि मागच्या चाकाजवळ स्क्रू-ड्रायव्हरने टकटक करत गेला. टक, टक, टक, आणि मग आवाज बदलला. स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यात रुतला होता.

मामा काही बोलला नाही. बसमध्ये मला म्हणाला, "त्या यादीत हे नव्हतं ना?"

"नव्हतं," म्हटलं.

येत्या रविवारी पेणला दुसरी बघायला जायचंय. मेकॅनिकला सोबत घेऊन. मामाने त्यासाठी शंभर पानी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर त्या रॅम्पचे दोनशे रुपये लिहिलेत.